कोपऱ्यातल्या खोलीचा भाव

सफाईचा वेळ मोजायला आलेल्या घड्याळवाल्याने हातातल्या घड्याळाचं बटण दाबलं आणि भिंगरीने आधी खिडकीचा पडदा सारला. एरवी ती आल्या आल्या पलंगावर झडप घालायची. चादर, खोळी, टॉवेल सगळं एका कवेत घेऊन बाहेरच्या गाडीवर टाकायचं, मग बाकीचं. आज तिने पडदा सारला, त्याच्या चुण्या सारख्या केल्या आणि खिडकीची कडीसुद्धा पुसली. हात नुसते शिवशिवत होते.

"घाई करू नका. रोज करता तसंच करा," घड्याळवाला म्हणाला. माणूस सभ्य होता. बूट पायपुसण्यावर पुसून आत आला होता, त्यामुळे त्याचा धड रागही करता येत नव्हता. त्याच्या मागे दारात हॉटेलच्या मॅनेजरबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

या हॉटेलात सफाईच्या बायकांना इतकी वर्षं महिन्याचा पगार मिळत होता. तो काही डोळे दिपवणारा नव्हता. हातात पडायच्या आधीच त्याला पाय फुटलेले असत. पण निदान ठरलेला होता. आता मालकांच्या डोक्यात आलं होतं की पुढच्या महिन्यापासून खोलीमागे पैसे द्यायचे. एका खोलीला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून भाव बांधायचा. वेळ कमी, तर भाव कमी. आणि मोजायला उभी कोणाला केली, तर सगळ्यांत चपळ बाईला. तिला भिंगरी हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

"नीट करून दाखव, मजल्याची सुपरवायझर तूच," मॅनेजरबाईंनी तिला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. सुपरवायझर खोल्या तपासते. ती गुडघ्यावर बसून फरशी घासत नाही. भिंगरीचा उजवा गुडघा वर्षभर कुरकुरत होता, आणि ते ऐकल्यापासून तीच काय, तिचा गुडघासुद्धा हवेत होता.

मग काल काम संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत धाकट्या जावेने तिला गाठलं. जाऊ खालच्या मजल्यावर कामाला होती. मागे बाकीच्या बाया उभ्या होत्या.

"जाऊबाई, उद्या तुम्ही वाऱ्यासारख्या सुटाल आणि तो भाव आमच्या गळ्यात पडेल. तुमच्या वेगाने कोणाला जमणार आहे इथे?"

"मग काय मुद्दाम रेंगाळू? आजवर कमावलेलं नाव घालवू?"

"तुमचं नाव गेलं तर गेलं. आमच्या घरी चुली आहेत."

भिंगरी तिच्याशी वाटभर बोलली नाही. राग जावेचा आला होता आणि जावेचंच खरं होतं, म्हणून जास्तच आला होता. घराच्या दारात चपला काढताना ती एवढंच म्हणाली, "बरं."

तेव्हा आज सगळं भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे करायचं ठरलं होतं. सफाईचे नियम लिहिलेला तो तक्ता कामगारांच्या खोलीत कधीपासून टांगलेला होता आणि कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. त्यातला प्रत्येक नियम पाळला तर कोण बोट ठेवणार?

पण हातांना कोण समजावणार? नवी चादर हातात आली आणि त्यांनी ती एका झटक्यात अशी उडवली की चारही कोपरे आपापल्या जागी जाऊन बसले.

"पाहिलंत?" मॅनेजरबाई खुलल्या.

भिंगरीला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच स्वतःची चीड आली. तिने एक कोपरा उपसला, गादीची कड बोटांनी चाचपली आणि पुन्हा खोचला. मग दुसरा. ती बाथरूममध्ये शिरली आणि जागीच थबकली.

आत सगळं झालेलं होतं.

नळ चकाकत होते. आरशावर टिपूस नव्हता. फरशी कोरडी ठणठणीत होती, आणि कागदाच्या गुंडाळीचं टोक दुमडून त्याची इवलीशी होडी केलेली होती. अशी होडी या हॉटेलात एकच बाई करायची.

चादरी-टॉवेल गोळा करणाऱ्या मावशी. सगळ्यांत जुन्या, आणि सगळ्या खोल्यांची किल्ली त्यांच्या कमरेला. एखादीच्या खोल्यांची तपासणी असली की दुसरीने सकाळी गुपचूप तिचं बाथरूम उरकून ठेवायचं, अशी बायांची आपसातली रीत होती. त्याला त्या आहेर म्हणत. मावशींनी तर निम्म्या हॉटेलला आहेर केले होते. काल त्या डॉक्टरांना डोळे दाखवायला लवकर निघून गेल्या होत्या, त्यामुळे कपडे बदलायच्या खोलीतलं बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं ते इतकंच, की भिंगरीची परीक्षा आहे आणि कोपऱ्यातल्या खोलीला हात लावू नका असं मॅनेजरबाईंनी बजावलंय. म्हणजे परीक्षा कुठे आहे तेही बाईंनीच सांगून टाकलं होतं.

भिंगरीने लगेच बाहेर पडावं, तर भाव मातीमोल होणार. घड्याळवाल्याने आत डोकावून सगळं आधीच झालेलं पाहिलं, तर मावशी सापडणार. किल्ली कोणाकडे असते हे विचारायलाही कोणाला जावं लागणार नाही, आणि या वयात मावशींना दुसरीकडे कोण ठेवून घेणार?

मागे बुटांचा आवाज आला.

"मला आतलंही बघावं लागेल," घड्याळवाला म्हणाला.

"बघा की. पण आधी सगळं भिजवते. तुमचे कपडे ओले होतील, जरा मागे सरा."

तिने गरम पाण्याचा फवारा पूर्ण सोडला आणि भिंतीवर, आरशावर, फरशीवर, त्या होडीवरसुद्धा धरला. वाफेने आरसा पांढरा झाला. घड्याळवाला चष्मा पुसत मागे गेला. भिंगरीने बादलीत साबण ओतला, गुडघे टेकले आणि स्वच्छ फरशी कोपऱ्यापासून घासायला घेतली. गुडघ्यातून कळ आली. फरशीच्या फटी, नळाची मागची बाजू, सांडपाण्याची जाळी, तक्त्यातलं काही म्हणून तिने सोडलं नाही. आयुष्यात एवढं निवांत काम तिने कधी केलं नव्हतं, आणि एवढी घाबरलीही कधी नव्हती.

"या बाथरूममध्ये फारच काम दिसतंय," दारातून आवाज आला.

"असतं एकेक," ती म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही बाह्या निथळत होत्या. घड्याळवाल्याने बटण दाबलं, आकडा पाहिला आणि मॅनेजरबाईंना दाखवला.

"ही वेळ धरली तर खोलीचा भाव बराच वर जाईल."

"मग महिन्याचा पगार काय वाईट आहे? राहू दे तोच," बाई तुटकपणे म्हणाल्या.

घड्याळवाल्याने भिंगरीकडे पाहिलं. त्याच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, खरंच नवल होतं.

"तुमच्याकडची सगळ्यांत चपळ बाई हीच का?"

"होती," मॅनेजरबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तो शब्द भिंगरीला गुडघ्यापेक्षा जास्त लागला. दोघांची पावलं लिफ्टपर्यंत जाईतो ती गाडीवरचे टॉवेल उगाचच सारखे करत राहिली.

खाली कपडे बदलायच्या खोलीत बातमी तिच्या आधी पोचली होती. बाया तिच्याकडे पाहत होत्या. तेवढ्यात मावशी चादरींचं गाठोडं ओढत दारातून आत आल्या. तोंडभर हसू.

"काय गं, आटपलं ना पटकन? मी सकाळीच जाऊन बाथरूम उरकून ठेवलं होतं. म्हटलं, पोरीचा तेवढाच वेळ वाचेल."

जाऊ कपाट लावत होती. तिचा हात कडीवरच थांबला.

भिंगरीने ओली बाही पिळली.

"आटपलं, मावशी. तुम्ही होतात म्हणून."

"मग आता सुपरवायझर होणार म्हण की!"

"बघू."

ती गाठोडं उचलायला वाकली. गुडघा कुरकुरला, तशी जाऊ मुकाट्याने पुढे झाली आणि तिने गाठोड्याचं दुसरं टोक धरलं.