यांचा आवाज

सोनूबाईंनी समोरचा कागद टेबलावरून हळूच परत सरकवला.

"आधी यांचा आवाज ऐकवा," त्या म्हणाल्या. "मंग सही."

बँकेच्या वकिलाने चष्मा काढून रुमालाने पुसला. जालन्याच्या ग्राहक आयोगाच्या त्या खोलीत सकाळपासून तडजोडी चालल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांच्या मुदत ठेवी मोडून त्यांच्या गळ्यात विमा मारल्याच्या तक्रारी जिल्हाभरातून आल्या होत्या आणि बँकेला त्या एकदाच्या मिटवायच्या होत्या. पैसे व्याजासह परत, वर नुकसानभरपाई. अट एवढीच, की बँकेने चूक कबूल केली असं समजायचं नाही आणि तक्रारदाराने हा विषय पुन्हा काढायचा नाही. टेंभुर्णीचे तक्रारदार गयासोद्दीन मघाशीच सही करून, कुणाकडेही न बघता निघून गेले होते.

"बाई, मागितलं ते सगळं देतोय," वकील म्हणाला. "आता रेकॉर्डिंग ऐकून काय मिळणार?"

"ऐकवा," सोनूबाईंच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या वकील मदीहा मॅडम म्हणाल्या. "त्यांचा हक्क आहे तो."

परतूरला सोनूबाईंच्या नवऱ्याची, बद्रीनाथांची, पिठाची गिरणी होती. चाकाच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय. घरातही ते तसेच बोलत. मग अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. पुढे दोन वर्षं जगले, पण तोंडातून शब्द फुटला नाही. पेज भरवताना ओठ हलले की सोनूबाई कान जवळ नेत. नुसता श्वास लागे. ते गेल्यावर बँकेत चौकशी केली तेव्हा कळलं, ठेव आजारपणातच मोडली होती. खातेदाराने फोन करणाऱ्या बाईला स्वतः संमती दिली, त्याचं रेकॉर्डिंग आहे, असं बँकेचं म्हणणं.

फसवणूक आहे, सगळेच म्हणाले. सोनूबाईही तेच म्हणत. पण एक गोष्ट तेव्हापासून त्यांच्या मागे लागली होती, ती त्यांनी कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. खरंच बोलले असतील तर? आपण नळावर गेलो असताना, गोळ्या आणायला गेलो असताना? परक्या बाईशी बोलले, आणि आपल्याशी नाही? भाजी निवडता निवडता आतल्या खोलीत कुणी खाकरल्यासारखं व्हायचं आणि त्यांचे हात थांबायचे. उठून बघून यायच्या. खाट रिकामी असायची. कधी दारातूनच विचारायच्या, "काय म्हणलात?"

मुलगा सोमेश्वर म्हणे, "माय, देतेत ते घे अन् मिटव. कशाला उकरून काढून राह्यलीस?" तारखेला तो कधी सोबत आला नाही. त्याला कामं असतात, असं सोनूबाई लोकांना सांगत.

वकिलाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"नमस्कार, बद्रीनाथजी बोलताय का?" एका मुलीचा आवाज आला.

कुणीतरी खाकरलं. मग, "हां, बोलतोय."

सोनूबाईंनी पदर मुठीत धरला. तेच जड, घशातून आलेलं बोलणं. शब्द संपताना तोच दम खाणं. मुलगी हप्ता, मुदत, परतावा असं काही भराभरा वाचत होती आणि मधे मधे तो आवाज म्हणत होता, "हां. मान्य आहे. हां." सोनूबाईंनी डोळे मिटून घेतले. म्हणजे बोलले, त्यांना वाटलं. बोलले तर.

"धन्यवाद सर."

"थँक यू मॅडम," आवाज म्हणाला, आणि त्या शेवटच्या शब्दावर एकदम हलका, कोवळा झाला. परीक्षेचा पेपर देऊन बाहेर पडलेल्या पोरासारखा.

सोनूबाईंनी डोळे उघडले. बद्रीनाथांनी जन्मात कुणाला थँक यू म्हटलं नव्हतं. आजारपणात त्यांचा मोबाइल सोमेश्वरकडे असायचा. लहानपणी तो बापाची, अण्णांची, अशी नक्कल करायचा की अण्णांनाही हसू आवरत नसे.

"परत लावा," त्या म्हणाल्या.

परत लावलं. या खेपेला त्यांनी डोळे मिटले नाहीत.

मदीहा मॅडम वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, हा काकांचा आवाज नाही, एवढंच तुम्ही म्हणा. मग ही सही करायची गरज नाही. आवाजाची तपासणी मागू. बँकेतल्या कुणी कुणाला बोलायला लावलं, सगळं बाहेर येईल. पोलीस केस होईल."

"बोलणारा बी सापडंल?"

"तो तर पहिला."

बँकेचा वकील पेनाच्या टोपणाची उघडझाप करत होता, तो थांबला.

"यांचाच हाये," सोनूबाई म्हणाल्या.

"मावशी?"

"यांचाच आवाज हाये. मला ओळखू येणार न्हाई का?"

वाचा गेल्याचा डॉक्टरांचा दाखला बँकेच्या वकिलाच्या फायलीत होता. त्याने फाइल उघडली नाही. कागद पुन्हा पुढे केला आणि जिथे सही करायची तिथे बोट ठेवलं. सोनूबाईंनी सही केली. मदीहा मॅडम खाली मान घालून आपल्या फायलीची दोरी बांधत होत्या. गाठ काही बसत नव्हती.

परतूरच्या गाडीत खिडकीशी बसून सोनूबाईंनी नवऱ्याचं बोलणं आठवून पाहिलं. गिरणीतून मारलेली हाक. भांडणातला एखादा शब्द. काहीही आठवायला घेतलं तरी शेवटाला तो आवाज थँक यू मॅडम म्हणायचा. त्या हट्टाने आठवत राहिल्या, आणि जितकं आठवत गेल्या तितकं ते पुसत गेलं.

दिवेलागणीला सोमेश्वर आला. त्याचं ताट वाढून त्या भाकरी थापत होत्या.

"मिटलं म्हणे," तो म्हणाला.

"मिटलं."

"ऐकवलं का काही?"

"ऐकवलं."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. तव्यावरची भाकरी फुगली. सोनूबाईंनी ती त्याच्या ताटात टाकली.

"बँकेचे साहेब म्हणले, मार्च एंड हाये, नुसतं हां हां म्हण," तो ताटाकडे बघत म्हणाला. "वर्षाने पैसे निघतील म्हणले. मला तिथं चिकटवून घेणार होते, माय."

"म्या इचारलं का तुला?"

त्याने तुकडा ताटात परत ठेवला. सोनूबाईंनी पुढचा गोळा हातात घेतला आणि तसाच परातीत ठेवून दिला.

"सोमा, अण्णावानी एकदा बोल."

त्याने वर पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर राग शोधला, तो तिथे नव्हता.

"नको, माय."

"मला आता आठवून न्हाई राह्यला त्यांचा आवाज. तुला येतो."

तव्याखाली गॅस सुरसुरत होता. सोनूबाईंनी हात लांबवून तो बंद केला.