लाल डोळे

विशाखाने कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवला, पिळला आणि वडिलांच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. पापण्या चिपडांनी घट्ट चिकटल्या होत्या. बोळा दाबून धरून ती वाट पाहत राहिली. बाहेर मे महिन्याचं ऊन क्वार्टरांच्या भिंती भाजत होतं. खिडकीतल्या कूलरमधून वाळ्याचा ओला वास येत होता.

“ओढू नको वं,” गुणवंतराव म्हणाले.

“ओढत नाई मी. तुम्हीच हलून राह्यले.”

“इतके वर्षं बॉयलरच्या आगीत पाह्यलं, डोळ्यायले काई झालं नाई. अन् आता हवेनं वाट लावली.”

पापणी सुटली. आतला पांढरा भाग लाल झाला होता, जास्वंदीची पाकळी चुरगळावी तसा. डोळा दोनदा मिचकला आणि त्यातून पाणी वाहू लागलं. कोरडा पडलेला डोळा असा उगाच वाहतो, हे नागपूरच्या डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं. त्या पाण्याने डोळा भिजत नाही, नुसता गाल भिजतो.

खाटेशेजारच्या स्टुलावर मशीन होतं. ट्रंकेएवढी पेटी, तिच्यातून निघालेली वळ्यावळ्यांची नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क आणि तो डोक्यामागे बांधायचे पट्टे. पेटी हवा दाबून नाकात सोडायची, म्हणजे झोपेत घसा मिटायचा नाही. डॉक्टर परदेशात शिकून येताना ते घेऊन आले होते, आणि इकडे कुणी नावही न ऐकलेलं हे यंत्र त्यांनी गुणवंतरावांना वापरायला दिलं होतं. मास्क मात्र तिकडच्या माणसांच्या नाकाचा. गुणवंतरावांचं नाक दोन डोळ्यांच्या मधे बसकं होतं. तिथे फट राहायची, आणि झोपभर हवेची एक बारीक धार डोळ्यांत जात राहायची. झोपेत त्यांच्या पापण्या पुऱ्या मिटत नाहीत, हे मशीन येईपर्यंत घरात कुणाला ठाऊकही नव्हतं.

विशाखाने सगळं करून पाहिलं होतं. फटीत कापूस भरला, तो उडाला. आईच्या जुन्या लुगड्याची घडी ठेवली, ती घामाने सरकली. पट्टे आवळले तर नाकाच्या हाडावर जखम झाली. शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कातरून मास्कच्या वरच्या कडेला चिकटवला आणि मशीनची हवा ओढणारी बाजू कूलरकडे वळवली. निदान डोळ्यांत जाणारी हवा थोडी ओलसर तरी असावी.

“मलम लावून झोपा न, बाबा. डॉक्टरांनी कायले दिलं ते?”

“मलमानं सारं धुरकट दिसते. ड्युटीवर जाईपर्यंत जात नाई ते. धुरकट डोळ्यानं आग काय पाहू मी?”

आग पाहणं हेच वीजकेंद्रातलं त्यांचं काम होतं. बॉयलरच्या भिंतीतल्या झरोक्याचं झाकण सरकवायचं, डोळ्यासमोर निळी काच धरायची आणि ज्वाळेचा रंग वाचायचा. कोळसा ओला आलाय, हवा कमी पडतेय, ज्वाळ एका बाजूला झुकलीय, हे त्यांना मीटरच्या काट्यांच्या आधी दिसे. नव्या इंजिनीअरांना ते झरोक्यापाशी उभं करून शिकवायचे. ज्याच्या बापाला गावातल्या विहिरीवर उभं राहू दिलं नाही, तो माणूस आता बी.ई. झालेल्या पोरांना आग शिकवतो, हे ते कधी बोलून दाखवत नसत. निळी काच मात्र स्वतःची, खिशात रुमालात गुंडाळलेली.

थंडीच्या दिवसांत ते उभ्याउभ्या झोपले होते. झरोक्यापाशीच. सोबतच्या माणसाने दंड धरला म्हणून कपाळ लोखंडाला लागलं नाही. मग रजा काढून विशाखा त्यांना नागपूरला घेऊन गेली. झोपेत त्यांचा श्वास अडतो, पुन्हा पुन्हा अडतो, म्हणून दिवसा गुंगी येते, असं निदान झालं. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. मशीन लावल्याशिवाय झोपायचं नाही, म्हणाले. हृदय आधीच थकलंय, एखाद्या झोपेत अडलेला श्वास परत यायचा नाही.

मशीन लावल्यापासून गुंगी गेली. पण प्लांटवर यातलं काही कळता कामा नये, अशी गुणवंतरावांनी तिला ताकीद दिली होती. झोपेचा आजार असलेल्या माणसाला बॉयलरपाशी कोण उभं करील? कुठेतरी स्टोअरच्या दारात खुर्ची देतील.

“अन् खुर्चीत बसवलं मले, तर हे मशीन त्या डॉक्टरले वापस नेऊन देजो,” ते म्हणाले होते. “खुर्चीत झोपाले मशीन नाई लागत.”

हे त्यांनी हसत म्हटलं होतं. विशाखा हसली नव्हती. ती त्यांना ओळखत होती.

आताही रात्रपाळी करून आल्यावर ते सकाळचे झोपले होते आणि डोळ्यांच्या जळजळीने मधेच उठले होते. तिने दोन्ही डोळे पुसले, मास्क नाकावर बसवला, ट्यूबची पट्टी बोटाने दाबली आणि बटण लावलं. मशीन घरघरू लागलं.

“धानावानी उफणून राह्यली हे मले,” ते मास्कआडून म्हणाले. “उडाला का कोंडा?”

“झोपा आता.”

दार ओढून घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली. ती शिकवायची त्या शाळेला सुट्टी होती. पुस्तक उघडलं, पण तिचे कान आतल्या घरघरीकडे लागलेले. दोन वाचलेल्या ओळी तिसऱ्यांदा वाचत असताना दारावर थाप पडली.

डोमाजी मेश्राम होते. बाबांच्याच पाळीतले, आणि कॉलनीच्या कडेला असलेल्या बुद्धविहाराच्या मंडळाचे अध्यक्ष. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला. ते आत आले, दुपट्टा सोडून त्यानेच मान पुसली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

“झोपला का भाऊ?”

“हो काका. आत्ताच डोळा लागला.”

“झोपू दे, झोपू दे. तुयाशीच बोलाचं होतं.” त्यांनी पाण्याचा गडू रिकामा केला. “काय वाजून राह्यलं वं आत?”

“कूलर.”

“लय आवाज करते. बेअरिंग गेली असंल. पाठवू का कोनाले?”

“नको, नको. पाहून घेतो आम्ही.”

डोमाजींनी गडू खाली ठेवला, पुन्हा उचलला, त्यात पाणी नाही हे पाहून पुन्हा ठेवला.

“बाई,” ते म्हणाले. एरवी ते तिला पोरी म्हणत. बाई ती त्यांच्या नातवाची, शाळेत. “मागच्या हप्त्यात भाऊ लवकर घरी आलता न, अर्ध्या पाळीत?”

“हो. साहेबांनी सोडलं म्हणाले. काम नव्हतं.”

“बॉयलरवर काम नसते का कधी?” ते कसनुसं हसले. “साहेबानं बाजूले घेतलं त्याले. मी होतो तिथी. डोळे असे लाल, पानी गळून राह्यलं. साहेब चांगला माणूस हाय. म्हणे, खोब्रागडे, घेतली असंल तर खरं सांगा, रातच्यापुरतं घरी पाठवतो, कोनाले सांगत नाई. अन् नसंल घेतली, तर चला दवाखान्यात, डॉक्टर तपासून घेईल.”

 आत मशीन चालू होतं.

“मले वाटलं, आता भाऊ भडकते. छप्पन सालापासून ज्यानं थेंबाले शिवलं नाई! याच्या बापानं नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर मोहाचं मडकं भर आंगनात फोडलं, ते सारं गाव सांगते. पण भाऊ काई बोललाच नाई. खाली पाह्यलं. मंग म्हणे, हो साहेब. घेतली थोडी.”

कुठेतरी कोळशाच्या वाघिणी एकमेकींवर आदळल्याचा आवाज आला.

“मीच त्याले बसपर्यंत सोडलं,” डोमाजी म्हणाले. “वास नाई आला मले. पण तो मानून राह्यला, तर मी नाई कसं म्हणू? खरं सांग पोरी. घेते का भाऊ?”

दवाखान्यात आजार उघडा पडू नये म्हणून बाबांनी खोटंच कबूल केलं होतं. आता तिला समजलं, गेल्या रविवारी ते विहारात का गेले नाहीत. दर रविवारी तिथे पंचशील देण्याचं काम त्यांचं. ते एकेक शील म्हणत आणि सारी वस्ती मागून म्हणे. उन्हाने डोळे दुखतात, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. आणि तिने काळा चष्मा शोधून दिला होता.

नाही, असं म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हटलं की लाल डोळ्यांचं कारण सांगावं लागलं असतं. दार उघडून दाखवावं लागलं असतं. आणि डोमाजींनी ते ऐकून घेतल्यावर तिथल्या तिथे पायात चपला अडकवल्या असत्या, भरल्या उन्हात साहेबांचं घर गाठलं असतं आणि आनंदाने ओरडून सांगितलं असतं, की आमचा भाऊ दारू पीत नाही, त्याला झोपेचा आजार आहे. त्यांचं मन इतकं साफ होतं की त्यांना थांबवता आलं नसतं. मग खुर्ची. मग मशीन परत नागपूरला. मग एक झोप.

दाराखालच्या फटीतून गार हवा तिच्या पावलांवर येत होती. तिने पुस्तक मिटलं.

“घेतात काका,” ती म्हणाली. “थोडी. आई गेल्यापासून.”

डोमाजींनी मान खाली घातली. त्यांना हे उत्तर नको होतं, हे तिला दिसलं. मांडीवरचा दुपट्टा त्यांनी उगाच पिळला, त्यात पाणी उरलं नव्हतं.

“पोरं विचारून राह्यली,” ते म्हणाले. “विहारातली. भाऊनंच त्यायच्याकडून शपथा घेतल्या, दारू सोडाच्या. आता त्यायले काय सांगू? या रविवारपासून मंडळातला जंगू पंचशील देईल. तू समजावून सांगजो त्याले. मले नाई जमनार.”

“सांगीन.”

“अन् सोडाले सांग. तुयं ऐकते तो.” ते उठले. दारात थांबून आतल्या बंद दाराकडे पाहिलं. “बाकी माणूस सोन्यासारखा हाय वं.”

हा ‘बाकी’ विशाखाला पुढे बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकायचा होता. बाबा गेल्यावर सांत्वनाला आलेल्या बायका तो दबल्या आवाजात म्हणणार होत्या, शोकसभेत जंगू तो चाचरत म्हणणार होता. तेव्हा लपवण्याजोगं काही उरलेलं नसूनही तिच्या तोंडून शब्द फुटणार नव्हता. त्या दुपारी तिने नुसतं दार लावून घेतलं आणि कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं.

ऊन उतरल्यावर गुणवंतराव उठले. तिने मास्क सोडवला. नाकावर दोन्ही बाजूंना वळ उठले होते आणि ट्यूबची पट्टी पुन्हा सुटून आली होती. ती कोमट पाणी घेऊन बसली.

“कोनी आलतं?”

“डोमा काका.”

बोळ्याखालचा डोळा हलला.

“काय म्हणे?”

“रविवारपासून जंगू पंचशील देणार आहे म्हणे.”

 तिने बोळा बदलला. दुसरा डोळा पुसायला घेतला तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं.

“तुले विचारलं असंल त्यानं.”

“हो.”

“मंग?”

“घेतात म्हटलं.”

त्यांची बोटं मनगटावर तशीच राहिली. मग सैल झाली. त्यांचे दोन्ही डोळे वाहत होते. पण ते तर रोजच वाहत, त्यावरून काही सांगता येत नव्हतं.

“चहा टाक,” ते म्हणाले. “बस चुकंल नाईतर.”

चहा झाल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि ड्युटीचे कपडे चढवून भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीसमोर उभे राहिले. विशाखाने मेणबत्ती लावली आणि त्यांच्या मागे हात जोडून उभी राहिली. ज्योत कूलरच्या झोताने विझू पाहत होती. ते थोडे सरकून झोत अडवून उभे राहिले. त्यांनी पहिलं शील म्हटलं, तिने मागून म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसरं म्हटलं. विहारात शेवटच्या माणसालाही ऐकू जाई असा त्यांचा आवाज, आज खोलीपुरता.

चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे ते थांबले. विशाखाला वाटलं, श्वास अडला. ती एक पाऊल पुढे आली. पण त्यांची पाठ संथपणे हलत होती. श्वास चालू होता. ते थांबलेच होते फक्त, आणि मागे उभी असलेली ती त्यांना ओळ सुचवू शकत होती, लहानपणी ते तिला सुचवत तशी. ती तोंड मिटून उभी राहिली.

मग चौथं सोडून पाचवं शील त्यांनी म्हटलं. दारू न पिण्याचं. खणखणीत आवाजात, एकेक अक्षर वेगळं, शेजारच्या क्वार्टरात ऐकू गेलं असेल असं. बाहेर कोपऱ्यावर कॉलनीची बस हॉर्न देत होती.