न येणारं काम

पाण्याच्या मोटरचं ते पितळेचं बूच, अंगठ्याएवढं, कडांना हिरवट चढलेलं, त्याच्या आट्यांत मागच्या खेपेची पांढरी टेप अजून चिकटून राहिलेली... नीरजाने नखाने तिचं टोक उचकलं आणि ती थांबली. हे आपण न विचारताच करतो आहोत.

"आता काय करू?" तिने मागे वळून विचारलं.

"आधी जुनी टेप काढ," खुर्चीतून रघुनंदन म्हणाले. "सगळी. आटे स्वच्छ दिसले पाहिजेत."

सकाळचे सव्वासहा झाले होते. मल्लेश्वरमच्या या भागात दिवसाआड येणारं पाणी संपमध्ये, अंगणाखालच्या टाकीत, येऊन पडलं होतं, ते आता वरच्या टाकीत चढवायचं होतं आणि मोटरने पुन्हा हवा धरली होती. नुसतीच फिरत होती, पाणी उचलत नव्हती. चौतीस वर्षं हे काम रघुनंदनांचं. टेलिफोनच्या कारखान्यात जायच्या आधी ते बनियनवर इथे उकिडवे बसायचे, बूच उघडायचे, तांब्याने पाणी ओतायचे, आणि ती आत डबा भरताना मोटरचा आवाज जड झाला की ओळखायची – लागली. त्यापलीकडे तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, ठाऊक असायचं कारणही नव्हतं. मागच्या श्रावणात त्यांच्या हातातून पाना दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो उचललाच नाही. कंप आधीपासून होता, डॉक्टरांनी त्याला नावही दिलं होतं, पण तिच्या मते दुखणं खरं सुरू झालं ते त्या दिवशी, जमिनीवरच्या पान्याकडे ते बघत उभे राहिले तेव्हा. मग त्यांनी खुर्ची बाहेर आणवली. ते सांगायचे, ती करायची.

आणि तिला येऊ लागलं. यात तिची हुशारी नव्हती, हात आपोआप शिकत गेले. जानेवारीत ताप चढून ते दोन दिवस इस्पितळात होते, तेव्हा मोटर अशीच अडली, नि तिने एकटीने ती चालू केली. टेप संपली होती म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली, तर वेणुगोपाल म्हणाला, "अक्का, आटे आवळतात त्याच बाजूने गुंडाळा, आणि स्वल्पच." एवढंच नवं होतं, बाकी सगळं येतच होतं. घरी आल्यावर रघुनंदनांनी पहिलं विचारलं ते पाण्याचं, आणि ती म्हणाली – का म्हणाली? – "शेजारच्या विठ्ठलरावांनी लावून दिली." त्यावर ते कितीतरी दिवसांनी हसले होते. "विठ्ठलरावांना काय कळतंय त्यातलं!"

त्या हसण्यासाठीच मग हे चालू राहिलं. दर वेळी मुद्दाम एखादी पायरी विसरायची, बूच उलटं धरायचं, मागे वळून विचारायचं. मी सोंग फार बरं वठवलं असणार. इतकं बरं की काल संध्याकाळी...

काल संध्याकाळी ती कोथिंबीर निवडत होती आणि व्हरांड्यात ते हर्षिताशी फोनवर बोलत होते. मुलगी गेलं वर्षभर मागे लागली आहे, व्हाइटफील्डला या, एक खोली रिकामीच आहे, ते घर विकून टाका. दर वेळी ते विषय बदलायचे. काल म्हणाले, "तिला हे नाही गं जमायचं. सहा-सात महिने सांगतोय, दर वेळी पहिल्यापासून. उद्या मी नसलो तर पाण्यावाचून बसेल ती. सरी, ठीक आहे, उगादीचा पाडवा झाला की येतो आम्ही."

हातातली जुडी तशीच राहिली. हर्षिताच्या चौदाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात तिने एकदा विचारलं होतं, पाणी बंद करायचा कॉक कुठे आहे गं? हर्षिता हसली होती. "कुणाला माहीत, आई? असोसिएशनला फोन करायचा." वाईट काही नव्हतं त्यात. पण जिथलं पाणी कुठून येतं हे घरातल्या कुणालाच ठाऊक नाही, तिथे उरलेली वर्षं राहायचं... आणि तेही आपल्या अडाणीपणापायी – नसलेल्या!

"टेप निघाली?" रघुनंदनांनी विचारलं.

"निघाली," ती म्हणाली, आणि यानंतर 'आता?' असं विचारायचं होतं. तिने विचारलं नाही.

तांब्या भरला. धार बारीक ठेवली, एकदम ओतलं की हवा आत कोंडते. भोकातून बुडबुडे आले, पाणी खाली गेलं. तिने पाइपवर पान्याने दोनदा ठोकलं, आणखी बुडबुडे आले, पुन्हा ओतलं. मागे खुर्ची करकरली. ते सांगायला पुढे झुकत असणार, पण शब्द तोंडातून निघायच्या आत तिचा हात तिथे पोहोचत होता, एकदा, दोनदा, मग खुर्ची करकरायची थांबली. पाणी काठोकाठ राहिलं. तिने टेपचे चार वेढे घेतले, बूच बसवलं, पान्याने आवळलं, शेवटचा पाव वेढा जरा बेतानेच. मग उठून बटण दाबलं. मोटर कोरडी गरगरली, एक क्षण, दोन, आणि आवाज खाली उतरून जड झाला. वर टाकीत पाणी पडू लागलं.

तिला आनंद झाला. लपवता येण्यासारखा नव्हता तो, आणि त्याची लाजही वाटली. पदराला हात पुसत ती तशीच पाठमोरी उभी राहिली.

"कधीपासून?" रघुनंदनांनी विचारलं.

"जानेवारीपासून."

"विठ्ठलराव?"

"ते आलेच नव्हते. मीच लावली होती."

ती वळली तेव्हा ते तिच्याकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत होते. उजवा हात डाव्याने धरून ठेवलेला.

"मग विचारायचीस का दर वेळी?"

तुम्हाला बरं वाटावं म्हणून, हे वाक्य तिच्याजवळ तयार होतं, पण ते उच्चारता येण्यासारखं नव्हतं.

"मला आदल्या दिवसापासून काळजी लागायची," ते म्हणाले. रागाने नव्हे, हवापाण्याचं बोलावं तसं. "उद्या पाणी यायचं. पुन्हा सगळं सांगायचं. आवाज निघत नाही गं पूर्वीसारखा. दोन वाक्यं मोठ्याने बोललो की दम लागतो. वाटायचं, हिला एकदाचं आलं तर मी गप्प बसेन."

ती संपच्या झाकणाशेजारच्या कट्ट्यावर बसली. जानेवारीपासून जे मी जपत होते ते त्यांना ओझं होतं... ते ओझं मीच दिवसाआड उचलून त्यांच्या मांडीवर ठेवत होते, आणि वर स्वतःला चांगली बायको म्हणत होते. डोळे भरून आले नाहीत. उलट आत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं आणि त्या मोकळ्या जागेत तिला एकदम स्वच्छ दिसलं, की हे घर सोडायचं नाही हे ती त्यांच्यासाठी म्हणत आली होती, पण ते त्यांच्यासाठी नव्हतंच. ते तिला हवं होतं. त्यांना काय हवं होतं हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"कालचं फोनवरचं ऐकलंस तर तू. म्हणजे आता व्हाइटफील्डला जायचं नाही?" ते म्हणाले.

त्या आवाजात सुटका होती की निराशा, हे तिला कळेना. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच कळेना.

"तुम्हाला जायचं आहे?" तिने विचारलं.

त्यांचे ओठ हलले. हल्ली त्यांना शब्द यायला वेळ लागे, आणि तेवढ्यात ती वाक्य पुरं करून टाकी – तेही प्रेमानेच. आज ती काही बोलली नाही. दोन्ही उत्तरांची भीती वाटत होती, तरी ती त्यांच्या तोंडाकडे बघत थांबून राहिली. त्यांना लागेल तेवढा वेळ.