पलंगाखालचा भाऊ

प्रॉम्प्टरकाकांचं काम तसं सोपं. विंगेत स्टुलावर बसायचं, नट अडला की पहिला शब्द पुटपुटायचा आणि गप्प. तीस वर्षं हेच. खोलीवर एकटा जीव, त्यामुळे दिवसभरात तोंडातून जे काही शब्द निघायचे ते सगळे दुसऱ्यांचेच.

यंदाचं नाटक लढाईचं होतं. सैनिक घरोघर फिरून पुरुष उचलून नेतायत. भाऊ पलंगाखाली लपतो आणि बहीण त्याचा कोट चढवून, टोपीत केस कोंबून, त्याच्या जागी बाहेर जाते.

एक दिवस तालमीआधी दिग्दर्शकानं सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, यात शूर कोण ते सांगा. भावाचं काम करणारा नट हसला.

"मी तर पक्का बायल्या. पलंगाखाली असा थरथरतो बघा, लोक हसून लोळतील."

"बायल्या कसा?" बहिणीचं काम करणारी म्हणाली. "बाहेर गेली ती बाईच ना?"

मग चांगलीच जुंपली. शेवटी ठरलं, शूर ती बहीण, आणि भावावर हशा घ्यायचा. पन्नास वर्षांपूर्वी सैनिक दारात आले तेव्हा काकांची ताई अशीच त्यांचा कोट घालून गेली, ती गेलीच. हे त्यांनी आजवर कुणापाशी काढलं नव्हतं. आता रोज त्यावर लोक हसणार होते, आणि अडलं तर शब्द पुरवायचे काकांनीच.

तालीम सुरू झाली. नट पलंगाखाली शिरला आणि नेमका तिथंच अडला. काकांनी पहिला शब्द दिला, "ताई..." नट ढिम्म. काकांनी पुढचा दिला, आणि मग ते थांबलेच नाहीत.

"ताई, इथून तुझे पायच दिसतायत मला. बूट माझे आहेत, तुला मोठे होतायत. नीट चाल, नाहीतर ओळखतील गं. मी हाक मारणार होतो. तोंड उघडलं होतं. आवाजच फुटला नाही."

बहिणीचं काम करणारीनं नाटकाची वही चाळली. "काका, हे वहीत नाहीये."

"नसेल," काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

दिग्दर्शक नटाला म्हणाला, हेच लिहून घे, हशा काढून टाकू. नट वही घेऊन काकांपाशी आला.

"आणि पुढं काय म्हणतो तो?"

"पुढं काही नाही," काका म्हणाले. "पुढं तो बाहेर येतो. घरात कुणी नसतं."