तीन बोटांचे सर

घरात नवा लॅपटॉप आला आणि आपल्या हातांना दहा बोटं आहेत, असा शोध आमच्या ह्यांना लागला. तोवर ती फक्त टीव्हीचा रिमोट दाबण्यापुरती होती. आता दोन बोटांनी पान वर, चिमटीनं चित्र मोठं, आणि तीन बोटं सरकवली की उघडलेल्या सगळ्या खिडक्या एकदम समोर हजर! पाहुण्यांना पाणी मिळायच्या आधी हा खेळ बघायला मिळे. सासूबाईंनी कौतुकानं तोंडात बोट घातलं. ते एकच होतं, म्हणून ह्यांना ते जरा कमीच वाटलं असावं.

माझ्या माउसला हे 'उंदीर' म्हणत. "आजकाल उंदीर कोण पाळतं?" असं म्हणून त्यांनी तो कपाटात कोंडला.

मी लोकांची स्वयंपाकघरं आखून देते. म्हणजे देत होते. मुलं झाली आणि सुटलं ते सुटलंच. इतक्या वर्षांनी ओळखीच्या सुतारानं एक काम सुचवलं. नवरा-बायको दोघंही दातांचे डॉक्टर. त्यांच्या घराचे फोटो आणि मापं त्यानं पाठवली, मी खपून आराखडा केला. व्हिडिओ कॉलवर तो त्यांना पटला तर काम मिळणार होतं. नाही पटला तर पुन्हा मला कोण विचारणार होतं?

माझा जुना संगणक मोठं चित्र उघडताना धापा टाकतो, म्हणून मी ह्यांचा लॅपटॉप मागितला. लॅपटॉप मिळाला, पण त्याच्याबरोबर हेही आले.

"अगं, तू फक्त बोल. हलवायचं मी बघतो. त्याला हात बसलेला लागतो."

इस्त्रीचा शर्ट घालून हे कॅमेऱ्यासमोर मधोमध बसले. मी कडेला, अर्धी.

मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच ह्यांनी चिमटीनं सिंक एवढं मोठं केलं की त्यात आंघोळ करता आली असती. मग झर्रकन कपाटं, झर्रकन खिडकी.

"वा, सर!" डॉक्टर म्हणाले. "काय सफाईदार काम आहे तुमचं!"

"थँक यू," हे म्हणाले.

काम आपलं नाही, हे सांगायला ह्यांनाही तोंड होतं. पण त्या दिवशी सगळा जीव बोटांत उतरला होता. मी घाईघाईनं ड्रॉवरबद्दल सांगू लागले, तर डॉक्टर कौतुकानं म्हणाले, "वहिनी पण मदत करतात वाटतं सरांना? छान, छान."

ह्यांनी विनयानं मान झुकवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एवढ्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सर, हा ओटा इतका बुटका का ठेवलाय?"

ह्यांनी तीन बोटं वर सरकवली. उत्तर कुठल्याच खिडकीत नव्हतं. "ती… आजची फॅशन आहे," हे म्हणाले.

"फॅशन नाही," मी म्हणाले. "फोटोत तुमच्या ओट्याखाली एक लाकडी पाट दिसतोय. भाजी चिरताना तुम्ही त्यावर उभ्या राहता ना? जुना ओटा तुमच्या उंचीचा नाहीच. ह्यावर पाटाशिवाय हात पुरेल."

बाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा. इतकी वर्षं घरात कोणाच्या लक्षात आलं नाही." आणि मला विचारलं, "हे सगळं तुम्ही काढलंय?"

"हो."

"मग सर काय करतात?"

"स्क्रीन हलवतात."

त्या हसल्या नाहीत. "काम कधी सुरू करता?" एवढंच त्यांनी विचारलं. तारीख सांगायला ह्यांनी घसा खाकरला. मी त्यांचा हात लॅपटॉपवरून उचलला, त्यांच्याच मांडीवर ठेवला, खुर्ची मधोमध ओढली आणि म्हणाले, "सोमवारी येते."