एका नावाचे दोन कणे

डॉ. माधुरीने पडद्यावर बोट टेकवून मणके तिसऱ्यांदा मोजले. डावीकडे अनयच्या कमरेचा गेल्या वर्षीचा एमआरआय होता, उजवीकडे अर्ध्या तासापूर्वी काढलेला. बोटीवरची नोकरी देणाऱ्या कंपनीने दोन्ही ताडून अहवाल मागितला होता. कणा धड निघाला तर अनय सोमवारी बोटीवर, नाहीतर घरी.

गेल्या वर्षी बाहेर सरकलेली मणक्यांमधली चकती आज जागच्या जागी होती. असं होतं कधी कधी. पण जुन्या चित्रात शेवटचा मणका एका बाजूने खालच्या हाडाला जन्मापासून चिकटलेला होता, आणि आज तो चांगला सुटा दिसत होता. चकती आत जाते, हाड असं सुटून येत नाही.

माधुरीचं डोकं तडकलं. अंधेरीत पंधरा वर्षं तिने पेशंटची नाना सोंगं पाहिली होती, पण मशीनमध्ये दुसऱ्यालाच झोपवायचं म्हणजे हद्द झाली. कंपनीला कळवायचंच, असं ठरवून तिने उरलेली चित्रं उघडली. त्यांतली काही जुन्या तपासणीत न वापरलेल्या एका पद्धतीने काढलेली होती. त्या पद्धतीत चरबीचा पांढरेपणा दबतो आणि हाडात सूज असेल तर तेवढीच उजळते. साध्या चित्रात जरासा काळवंडलेला तिसरा मणका इथे पांढराफेक होता.

तिने बाहेर बसलेल्या दोघांना आत बोलावलं. नाक तेच, कपाळ तेच; फक्त एकाच्या कानशिलावरचे केस पिकले होते.

"मशीनमध्ये कोण होतं?"

"मीच, मॅडम. अनय," तरुण म्हणाला. "हा माझा दादा, देवव्रत. सोबत आलाय."

"चकती चांगली आहे तुमची."

अनयने सुटकेचा श्वास टाकला. माधुरी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"पण तिसरा मणका बरा नाही. जंतुसंसर्ग असेल, गाठही असेल. आजच दाखवायला हवं. कंबर दुखते का रात्रीची?"

अनय गोंधळून दादाकडे बघू लागला. देवव्रतचा हात स्वतःच्या कमरेवर गेला होता.

"मॅडम, एवढं लिहू नका ना," देवव्रत म्हणाला. "चकती ठीक आहे तेवढंच लिहा. हा सोमवारी निघून जाऊ दे, मग मी बघतो."

"तुम्ही कशाला बघताय? मणका यांचा आहे ना?"

अनयचा आवाज चढला.

"दुखतंय तुला? मला तर म्हणालास, माझी कंबर ठणठणीत आहे."

"गप रे. बसून बसून दुखते जरा. सगळ्यांचीच दुखते."

"किती दिवस?"

"दिवाळीपासून," देवव्रत हळूच म्हणाला.

माधुरीला अजून राग होता, पण तो नेमका कोणावर काढावा हे तिला कळेना. तिने की-बोर्ड पुढे ओढला आणि कोरड्या आवाजात पेशंटचं नाव विचारलं.

"अनय," देवव्रत घाईने म्हणाला.

"देवव्रत," अनय म्हणाला. "वय एक्केचाळीस. आणि मॅडम, आत्ता कुठे न्यायचं याला, तेही लिहून द्या."