नामा भोईर, लाईट बिल!

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. टेलिफोनची नव्हे, सतारीची तर मुळीच नव्हे. मी बिलं अडकवायची तार आहे. खाली पत्र्याची गोल चकती, वर आकड्यासारखं वाकवलेलं टोक आणि मधल्या अंगात ओवलेले कागदच कागद. तुमच्यापैकी कित्येकांनी माझ्यासारखी तार कधी पाहिली नसेल. आजीला विचारा. ती हसेल आणि म्हणेल, "अरे, आमच्याकडे दारामागे होती की!"

माझा जन्म ठाण्याजवळच्या बाळकुमचा. तेव्हा बाळकुम खरोखरीचं गाव होतं. भाताची खाचरं होती, आणि संध्याकाळी खाडीवरून खारा वारा थेट घरात यायचा. नामा भोईरच्या घरी वीज आली त्याच दिवशी मी जन्मले. वायरमनने घरामागे खड्डा खणून अर्थिंगची जाड तार जमिनीत सोडली. तिचा हातभर तुकडा उरला, तो मी. माझी बहीण जमिनीत गेली आणि मी अंगणात लोळत पडले.

नामा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर होता. पडलेली वस्तू दिसली की तिचं काहीतरी करायचंच, ही त्याची खोड. त्याने पक्कड घेऊन माझं एक टोक वाकवलं, दुसऱ्या टोकाला तुपाच्या डब्याच्या झाकणाची चकती बसवली आणि मला दारामागच्या खिळ्याला लटकवलं. आवडाबाई तेव्हा नवी नवरी होती. तिने विचारलं, "ही कशाला?"

"लाईट आली. आता बिल येल."

"मंग?"

"मंग त्याला बसाला जागा नको?"

पहिलं बिल आलं तेव्हा नामाने ते सगळ्या आळीला दाखवलं. वर छापलं होतं, नामा भोईर. आवडाबाईला वाचता येत नव्हतं, पण ती अक्षरं तिने डोळ्यांत साठवून ठेवली. पुढे कुठल्याही कागदावर ती दिसली की ती बोट ठेवून म्हणायची, "हे ते."

मग माझे भरभराटीचे दिवस आले. लाईट बिल, रॉकेलची पावती, शाळेची फी, गणपतीची वर्गणी, त्यांच्या लेकाच्या, भावेशच्या गोवराच्या वेळची डॉक्टरची चिठ्ठी, सारं माझ्यावर. घरात काही सापडलं नाही की एकच उत्तर असायचं, "तारेवर बघ." एकदा भावेशने प्रगतिपुस्तकातला गणिताचा कागद फाडून माझ्यावर अगदी तळाशी ओवला होता. इतक्या कागदांखाली कोण बघणार, असं त्याला वाटलं. नामाने दोन मिनिटांत काढला!

दसऱ्याला नामा पक्कड, पाने आणि हातोडी पाटावर मांडायचा. त्यांच्या शेजारी मलाही बसवायचा. खोबरेल तेलाचं बोट माझ्या अंगावरून फिरवायचा आणि आकड्यात झेंडूचं फूल अडकवायचा. मित्रांनो, बिलांच्या तारेला झेंडू! त्या दिवशी मला तलवारच झाल्यासारखं वाटायचं.

आठ वर्षांपूर्वी नामा गेला.

घर हळूहळू सावरलं, पण बिल मात्र नामाच्याच नावाने येत राहिलं. बिलं वाटायला यायचा उत्तम. त्याचे केस पिकले, पण आवाज ढोलासारखाच राहिला. आळीच्या तोंडाशी स्कूटर लावून तो पुकारायचा, "नामा भोईऽऽर! लाईट बिल!" आणि आतून आवडाबाई जुन्या सवयीने उत्तर द्यायची, "हाय, घरात हाय!"

शेजारणी चिडवायच्या. "आवडे, घरात हाय तं आमच्या पंगतीला पाठव की त्याला!" आवडाबाई हसायची. मग ते बिल माझ्यात ओवायची. नामा कागदाच्या मधोमध टोचायचा. ती मात्र कोपऱ्यात टोचायची, तेही नावापासून लांब. नावाला भोक पडलेलं तिला चालायचं नाही.

बाकीचे कागद एकेक करून मोबाईलमध्ये गेले. पावत्या गेल्या, चिठ्ठ्या गेल्या. दसऱ्याचं तेलही गेलं. माझ्या चकतीला गंज चढला, आणि महिन्यातून एकदा येणारं ते एक बिलच माझी सोबत झालं.

आता खरी गोष्ट सांगते. भावेशची बायको दिपिका, तिच्या हाताला मोठी चव. कोळंबीचं लोणचं, बोंबलाची चटणी, वाटण लावून तयार मासळी. घोडबंदर रोडच्या टॉवरमधले लोक फोन करून मागवायचे. त्यासाठी तिने मोठा फ्रीजर घेतला. फ्रीजर रात्रंदिवस घुमायचा आणि बिल फुगायचं. दिपिका मसाले वाटून जे कमवायची, ते बिलातच जायचं.

एके दिवशी भावेश उड्या मारतच घरी आला. "आये, गच्चीवर सोलार बसवू! घराच्या छताला सरकार अनुदान देतं. तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार परत येतात, थेट बँकेत. बाकीच्याला कर्ज मिळतं. टॉवरवाल्यांकडे दोन-दोन गाड्या आहेत, पण स्वतःची गच्ची आहे का कोणाकडे?"

"नाय!" आवडाबाई अभिमानाने म्हणाली.

गच्ची मोजायला प्राची नावाची मुलगी आली. सोलार बसवणाऱ्यांकडे ती काम करायची. पाठीला बॅग, हातात टेप. तिने गच्ची मोजली, ऊन पाहिलं, मग खाली येऊन बिलावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "नामाकाका आहेत ना घरात? त्यांची सही लागेल."

आवडाबाई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. नाव कानावर पडलं आणि तोंडातून आपोआप निघालं, "हाय, घरात हाय!"

प्राची बसली. दिपिका गच्चीवर, भावेश दुकानात गेलेला, सांगणार कोण? चहा आला, तो संपला. तिने घड्याळ पाहिलं. "काका आंघोळीला गेलेत का?" असं विचारायला ती वळली, आणि समोर भिंतीवर हार घातलेला नामाचा फोटो! प्राची बशीसकट ताडकन उठली. आवडाबाई भाकरी घेऊन बाहेर आली, तिने पोरीचं तोंड पाहिलं, फोटो पाहिला आणि पदरात तोंड खुपसून हसू लागली. "अगं माज्या बाय! आठ वर्सं झाली ग त्यांना!"

दोघी हसून हसून दमल्या. पण हसू ओसरल्यावर प्राची हळूच म्हणाली, "मावशी, मग आधी बिलावरचं नाव बदलावं लागेल. ज्याच्या नावावर बिल, त्याच्याच खात्यात अनुदान येतं. गेलेल्या माणसाला देता येत नाही."

आवडाबाईचा चेहरा उतरला. "नाव नाय बदलाचं."

भावेश आल्यावर त्याने समजावलं, चिडून पाहिलं. "आये, नुसतं बिल आहे गं ते!"

"तुला नुसतं बिल. गावात आता त्यांचं नाव कोण घेतं? एक तो उत्तम घेतो, महिन्यातून एकदा. ते बी पुसाचं?"

अनुदानाशिवाय खर्च झेपणारा नव्हता. सोलारची गोष्ट तिथेच थांबली. दारामागे मी नुसती ऐकत होते. माझ्या अंगावर ती सगळी बिलं होती आणि प्रत्येकावर नामाचं नाव होतं. मला आवडाबाईचंही खरं वाटत होतं आणि दिपिकाच्या कपाळावरची आठीही दिसत होती.

थोड्या दिवसांनी एक अनोळखी माणूस घरी आला. फ्रीजरचं झाकण उघडून आत बघू लागला.

"ह्यो कोण?" आवडाबाईने विचारलं.

"फ्रीजर बघायला आलेत, आई," दिपिका म्हणाली. "विकून टाकते."

"आन् तुजी गिऱ्हाइकं?"

"सांगीन त्यांना, बंद केलं म्हणून. बाबांचं नाव राहू दे."

ती हे रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती, तर आवडाबाईने भांडण केलं असतं. ती थोडा वेळ दिपिकाच्या हळद लागलेल्या बोटांकडे बघत राहिली. मग त्या माणसाकडे वळली. "भाऊ, च्या घ्या आन् जावा. फ्रीजर नाय इकाचा."

संध्याकाळी तिने भावेशला विचारलं, "नाव बदलून तुज्यावर करशील ना?"

"माझ्यावर कशाला? दिपिका म्हणते, तुझ्या नावावर. घर तुझं, गच्ची तुझी."

"माज्या? म्हंजे सरकार मना पैसं देल?"

"देईल की."

"कशाचं?"

"उन्हाचं!"

आवडाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चाळीस वर्सं त्याच उनात बोंबील सुकवले मी. एक पैसा दिला नाय कोणी!"

अख्खं घर हसलं. कित्येक दिवसांनी माझे कागदही वाऱ्यावर फडफडले.

मग दाखले झाले, वारसांच्या सह्या झाल्या, आणि गच्चीवर निळेशार पॅनेल चढले. आवडाबाईने एक अट घातली होती, अर्धी गच्ची बोंबलांना. प्राचीने पॅनेल एका बाजूला घेतले. उरलेल्या जागेत बोंबील टांगले गेले, आणि कावळ्यांना बसायला नवी निळी जागा मिळाली. त्यांना हुसकायचं आणि पॅनेल पुसायचं काम आवडाबाईने आपल्याकडे घेतलं. नवा मीटर लागला. पुढे एका दुपारी तिच्या मोबाईलवर टिंग वाजलं. दिपिकाने वाचलं आणि ओरडली, "आई, अनुदान जमा झालं! तुमच्या खात्यात!" आवडाबाईने तो मोबाईल देवासमोर ठेवून त्याला हळदकुंकू लावलं. काचेवरचं कुंकू पुसताना भावेशच्या नाकी नऊ आले.

पण खरी परीक्षा नव्या नावाच्या पहिल्या बिलाची होती. तो दिवस आला तशी आवडाबाई सकाळपासून स्वयंपाकघरात शिरली. भांडी घासलेली, तरी पुन्हा घासत बसली. आज ती हाक येणार नव्हती.

स्कूटर थांबली. नेहमीसारखा लगेच आवाज आला नाही. उत्तम थांबून नवं नाव वाचत असावा. मग ढोल वाजला.

"आवडाबाई नामा भोईऽऽर! लाईट बिल!"

भांड्यांचा आवाज थांबला. मित्रांनो, आपल्याकडे बायकोच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, आवडाबाईलाही होतं. पण आयुष्यात तिला पुऱ्या नावाने कोणी हाक मारलीच नव्हती, मग तिला सुचणार तरी कसं? ओल्या हाताने ती दारात आली. बिल घेतलं. बोट अक्षरांवरून सरकत मधोमध आलं आणि थांबलं. "हे ते," ती पुटपुटली.

उत्तमने दारातून पुन्हा विचारलं, "काय वहिनी, आज उत्तर नाही? घरात नाही का कोणी?"

आवडाबाईने मान वर केली आणि आळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "हाय की! दोघं बी हाव घरात!"

बिल किती आलं होतं, हे बघायचं कोणाला सुचलंच नाही. एवढंसं आलं होतं. दिपिका आता दुसरा फ्रीजर बघते आहे.

त्या दिवशी आवडाबाईने मला खिळ्यावरून काढलं, कागद सोडवले, गंज घासला आणि खोबरेल तेलाचं बोट माझ्या अंगावरून फिरवलं. जुनी बिलं पुन्हा ओवली, सगळ्यांत वर नवं बिल. टोचलं अर्थातच कोपऱ्यात, नावापासून लांब.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. खोलीतून निघताना पंखा-दिवा बंद करत चला. घरावर गच्ची असेल, तर तिच्यावर रोज येणारं ऊन फुकट जातंय का, हे मोठ्या माणसांना विचारा. आणि दारामागे माझ्यासारखी एखादी म्हातारी तार लटकत असेल, तर दसऱ्याला तिला तेलाचं एक बोट लावा. झेंडू मिळाला तर उत्तमच.